ओस्लोहून, मोजे वाळवताना

ओस्लो, १९ जानेवारी

प्रिय मन्या,

"भर थंडीत तिकडे कोण कडमडायला जातं?" असं तू विचारलं होतंस. विमानाचं तिकीट स्वस्त पडलं म्हणून आलो, दुसरं काही नाही. इथे सकाळी नऊला उजाडतं आणि चारला दिवेलागण!

पहिल्या दिवशी कॉफीचा भाव वाचला, मनात आठाने गुणून रुपये केले आणि नुसता वास घेऊन बाहेर पडलो. तेव्हापासून गुणाकार बंद. होस्टेलवर मेतकूट-भात, प्यायला नळाचं पाणी. ग्रोनलान भागात भाजी जरा परवडते. काल तिथे कोथिंबिरीची जुडी मिळाली तर काय आनंद झाला म्हणून सांगू!

पोटाचं निभतं रे, प्रश्न उबेचा. होस्टेलची खोली दुपारपर्यंत मिळत नाही, आणि बाहेर किती वेळ चालणार? उत्तर सापडलं वाचनालयात. ऑपेरा हाउसशेजारी २०२० साली उघडलेलं डाइखमान. पास नाही, पैसे नाहीत, 'कोण तुम्ही' असंही कोणी विचारत नाही. सॅकचा पट्टा उसवला होता, तर तिथे चक्क शिलाई मशिनं! जाड पट्ट्यात सुई दोनदा अडकली. शेजारच्या आजींनी न बोलता माझा हात बाजूला केला, चाक हातानेच फिरवत चार टाके घातले आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे वळल्या. पट्टा आता सॅकपेक्षा जास्त टिकेल.

ऑपेराच्या छतावर फुकट चढता येतं. पांढरा संगमरवरी उतार, त्यावर गोठलेलं पाणी. खाली फ्योर्ड, म्हणजे आत शिरलेली खाडी, बघत होतो, पुढच्या क्षणी बसलो होतो. मग बुटांना चढवायचे काटे घेतले. खरं दुखलं ते पैसे देताना.

२४ तासांच्या तिकिटात ट्राम, मेट्रो, बेटांकडची बोटही येते. मेट्रोत लोक घसरगाड्या घेऊन चढतात, डोंगरावरच्या फ्रोगनरसेटेरेन स्टेशनला उतरतात, दोनेक किलोमीटर घसरत खाली येतात आणि पुन्हा मेट्रोने वर! आजोबासुद्धा. मी नुसता बघत उभा राहिलो, काट्यांसकट.

आता वाचनालय बंद व्हायची घोषणा चालू आहे. शब्द कळत नाहीत, पण सूर आपल्या कंडक्टरचाच. हीटरवरचे मोजे अजून ओलेच आहेत.

पडल्याचं आईला सांगू नकोस.

तुझा,
बाळ्या