ते बटण मीच दाबलं होतं

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिशी ओलांडलीस, अजून ते गेम्स सुटले नाहीत?" मी विषय बदलला. फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितेय.

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा २०१८ सालचा गेम. काळ १८९९चा, जागा अमेरिका. खेळणारा होतो आर्थर मॉर्गन, एक दरोडेखोर. त्याची टोळी व्याजाने पैसेही देते आणि वसुलीला आर्थर जातो. सुरुवातीलाच तो थॉमस डाउन्स नावाच्या कर्जदाराच्या शेतावर पोचतो. माणूस आजारी, खंगलेला. आर्थर त्याला बायको-मुलासमोर मारहाण करतो. तो खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. मारायचं बटण मीच दाबलं होतं. उरकलं आणि पुढे गेले.

रोज रात्री जेवणानंतर तासभर खेळायचे. बऱ्याच आठवड्यांनी आर्थर एका शहरात भर रस्त्यात कोसळला. डॉक्टर म्हणाला, क्षय. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. मी कंट्रोलर खाली ठेवला. ते शेत डोळ्यांसमोर आलं.

सिनेमात पाहिलं असतं तर हळहळून मोकळी झाले असते. इथे हात माझा होता. बाबा, आजोबांच्या सावकाराची गोष्ट तुम्ही कितीदा सांगितलीत! ती मी कायम आजोबांच्या बाजूने ऐकली. दारात वसुलीला आलेल्या माणसाच्या अंगात शिरून ती पहिल्यांदाच बघितली. पुढे डाउन्सची बायको-मुलगा भेटतात. मदत करायची की नाही, हे आपल्यावर असतं. ती बाई आर्थरचं तोंड बघायला तयार नव्हती, तरी मी गेले.

नुसते चकचकीत, मारामारीचे गेम मी आठवड्यात विसरते. हा विसरता येत नाही.

आई, तुझ्यासाठी वेगळा आहे, 'राजी'. इथे पुण्यातच बनलेला, २०२०चा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी. निवेदन दुर्गा आणि विष्णूचं, आणि मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून उलगडते. बघताना मला आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. लहानपणी तू पडद्याजवळ बसवायचीस ना, तशाच.

गणपतीला कुडाळला येताना लॅपटॉप आणतेय. आरतीनंतर तासभर काढा. बाबा, कंट्रोलर तुमच्या हातात देईन, मी नुसती शेजारी बसेन.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
ताई