राजीनामा कोणी दिला, हे एकदा विचारा

माननीय केंद्रीय कामगार व रोजगार मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी एका आयटी कंपनीत चौदा वर्षं नोकरी करतो आहे. दोन वर्षांपासून कंपनीची घडी विसकटली आहे. मोठे क्लायंट गेले, नवे प्रोजेक्ट येत नाहीत. धंद्यात असं होतं, ते आम्हालाही कळतं. माझी तक्रार माणसं कमी करण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

एचआरकडून पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं बोलावणं येतं, विषय लिहिलेला नसतो. आत गेल्यावर सांगतात: आजच राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं अनुभवपत्र घ्या, नाहीतर आम्ही काढू, आणि तशी नोंद राहील. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आधीच्या नोकरीची चौकशी करणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माणूस सही करतो. संध्याकाळी लॅपटॉप जमा. सहा वर्षं माझ्या शेजारी बसलेला सहकारी असाच गेला. त्याच्या राजीनाम्यात कारण लिहिलंय 'वैयक्तिक'. तो मजकूर एचआरने आधीच तयार ठेवला होता.

कायद्याचा हात इथवर पोचत नाही. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 2020च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे: कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, शिवाय सरकारला कळवणं. पण स्वतःहून दिलेला राजीनामा कपातीत मोडत नाही. सरकारची आगाऊ परवानगी घेण्याची अट तर कारखाने, खाणी आणि मळ्यांनाच आहे. आणि आम्ही कायद्याने 'कामगार' आहोत की नाही, इथूनच वाद सुरू होतो.

मागे उरलेल्यांचंही सांगतो. टाऊन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, 'आता आणखी कपात नाही' असं ऐकलं, तीन आठवड्यांत पुढची यादी आली. तेव्हापासून तिथे कोणी प्रश्नच विचारत नाही. कोणी रजेवर दिसलं की आम्ही त्याचं चॅट खातं चालू आहे का ते पाहतो. केटी द्यायला, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून द्यायला सांगितलं की माणसाचा चेहरा उतरतो, कारण काम शिकवून झालं की आपली गरज संपली, असा अर्थ लावला जातो. मी स्वतः एका नव्या मुलीला काम अर्धवट शिकवलं, भीतीपोटी. त्याची मला लाज वाटते.

अमेरिकेत 1988च्या कायद्याने 100 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना मोठ्या कपातीआधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे निदान एवढं करा: एका कंपनीतून तीन महिन्यांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त राजीनामे आले, तर त्यांची माहिती कामगार आयुक्तांना देणं सक्तीचं करा. आयुक्तांच्या कार्यालयाने त्यातल्या प्रत्येकाशी कंपनीच्या गैरहजेरीत बोलावं. आणि सही केल्यापासून 15 दिवसांत राजीनामा मागे घेण्याचा हक्क द्या.

आमच्याकडे पुढची यादी तिमाही संपताना येईल, असं सगळे धरून चालले आहेत.

आपला,
एक आयटी कर्मचारी