'स्कीइंगसह काश्मीर' म्हणजे नेमके किती तास?

संपादक महोदय,

नाताळच्या सहलींच्या जाहिरातींत 'स्कीइंगसह काश्मीर' ही ओळ हल्ली सर्रास दिसते. प्रत्यक्षात तो गुलमर्गचा एक दिवस असतो. सकाळी श्रीनगरहून निघायचे, गंडोलात, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या केबल कारमध्ये, बसायचे, तासभर स्की पायात अडकवून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. एवढ्या वेळात बूटसुद्धा नीट चढत नाहीत. मुलाबाळांसह खरोखर शिकायचे असेल, तर गुलमर्गमध्येच सलग तीन-चार दिवस मुक्काम हवा, तोही शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत. नाताळात खालच्या उतारांवर पुरेसा बर्फ असेलच असे नाही.

पहिले दोन दिवस गावालगतचे सौम्य उतार पुरेत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या आसपास नेतो. कालपर्यंत दादरला असलेल्या माणसाचे तिथे डोके दुखू लागते, मळमळते. शिवाय वरचा बर्फ खोल आणि न दाबलेला, त्यात हिमस्खलनाचा धोका.

बहुतेकांचे गाडे अडते ते बुटांत. थंडी वाजते म्हणून दोन-तीन मोजे चढवले की पाय आवळला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय उलट जास्त गार पडतात. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ लोकरी मोजा घालावा, पँट बुटात खोचू नये. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य बघून लावायची असते. ती फार घट्ट राहिली तर पडताना स्की सुटत नाही आणि पीळ थेट गुडघ्यावर येतो. भाड्याचा स्की आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापावर ठेवलेला असू शकतो, म्हणून आपल्यासमोर लावून घ्यावा. बुटाच्या तळाचा बर्फ दर वेळी खरवडावा, नाहीतर पकड नीट बसत नाही.

थांबण्यासाठी स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची लांब करून आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. भीतीने अंग मागे जाते, तिथेच सगळे बिघडते: भार स्कीच्या मागच्या टोकाकडे गेला की पुढची टोके वळायचे नाव घेत नाहीत. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली हवी. दांडा न धरता लोकलमध्ये उभा राहणारा गुडघे जसे सैल ठेवतो, तसेच इथेही. मुंबईकराला एवढे तरी आयते येते! पडायचेच झाले तर कुशीवर पडावे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शिकलेल्यांनी जुना हिशेब विसरावा. तेव्हाचे स्की लांब आणि सरळ होते. आताचे आखूड, मध्ये निमुळते असतात आणि कडेवर कलते केले की स्वतःच वळतात. ताकद लावून फिरवायला गेलात तर घसराल. परत सुरुवात करताना हनुवटीपर्यंतची लांबी पुरे.

सहल कंपन्यांनी जाहिरातीत इतके तरी छापावे: प्रशिक्षण किती तासांचे, एका प्रशिक्षकामागे किती जण आणि मुलांना हेल्मेट मिळणार की नाही.

— एक स्की प्रशिक्षक, दादर, मुंबई