वेकला नक्की जा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालास, मित्राचे वडील गेले, पण मी त्यांना कधी पाहिलंही नाही, वेकला न जाता मेसेज केला तर चालेल ना? नाही चालणार, बाळा. मी आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात नर्स होते तेव्हा पाहिलंय, वेकला, म्हणजे मातीआधी देह घरी ठेवलेला असताना समाचाराला, अख्खा गाव लोटतो. आरआयपी डॉट आयई या निधनवार्तांच्या वेबसाइटवर बातमी आली असेल, तिच्यात वेळ बघ. 'हाउस प्रायव्हेट', म्हणजे घरी फक्त घरचेच, असं लिहिलं असेल तरच घरी जाऊ नकोस, थेट चर्चमध्ये जा.

घराबाहेर रांग असेल. आत शवपेटी उघडी असते, मृताच्या बोटांत जपमाळ गुंडाळलेली असते. दचकू नकोस. घरच्या एकेकाच्या हातात हात दे आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हण. सगळे एवढंच म्हणतात. ते क्रूस करतील, तू आपला नमस्कार कर, कुणाला वावगं वाटत नाही. मयताच्या घरी खायचं कसं, असं तुझ्या मनात येईल. पण ते सँडविच बहुतेक शेजाऱ्यांनी करून आणलेले असतात. चहा पुढे आला की घे. कुणी गेलेल्या माणसाचे किस्से सांगून हसवत असेल, तर तूही हस.

मला तिथलं सगळ्यात भावलं ते रात्रीचं जागणं. देहाला एकटं ठेवत नाहीत. शेजारी घरच्यांना झोपायला पाठवतात आणि स्वतः पेटीशी खुर्ची टाकून बसतात. पूर्वी घड्याळ थांबवायचे, आरसे झाकायचे, आत्म्याला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडायचे. बायका सूर लावून गेलेल्याचे गुण गात रडायच्या, त्याला कीनिंग म्हणत. चर्चने शेकडो वर्षं त्याला विरोध केला आणि ते जवळजवळ संपलं. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण मोठ्याने रडायला माणसांना एक जागा होती.

मातीलाही जा. खेड्यात कबर अजूनही कित्येकदा शेजारीच खणतात आणि पेटी आळीपाळीने खांद्यावर नेतात. तुला बोलावलं तर मागे राहू नकोस, खांदा दे. महिन्याने 'मंथ्स माइंड'चा मास, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीत चर्चमधली प्रार्थना असते, तोवर येणारी-जाणारी माणसं कमी झालेली असतात. त्या दिवशी मित्राजवळ बसायला नक्की जा.

गडद कोट घाल, छत्री घे. घरी आल्यावर आंघोळ करावीशी वाटली तर कर. आणि रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई