सडा ओसाड नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या अंकात एक रंगीत फोटो आला होता. हातात रोपं घेतलेली शाळकरी मुलं, पाठीमागं धुकं, मधोमध टोप्या घातलेले पाहुणे. खाली ओळ होती, ‘ओसाड सड्यावर आता हिरवाई फुलणार’. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. तो अंक अजून रद्दीत गेला नसेल तर फोटोचा डावीकडचा खालचा कोपरा बघा. गवतात लाल रिबिनीचं टोक दिसतंय. ती गाठ माझ्या हातची आहे. रिबीन ज्या लोखंडी खुंटीला बांधली होती, ती आमच्या चौदा नंबरच्या चौकोनाची खुंटी.

मी पन्हाळा तालुक्यातली. बारावीपर्यंत शिकलेली. घरी दोन म्हशी, सव्वा एकर ऊस, आणि गेली चार वर्षं पावसाळ्यात एक जादाचं काम. गावामागच्या सड्यावर गवताचा अभ्यास करायला जी मंडळी येतात, त्यांच्याबरोबर जून ते नोव्हेंबर मी हजेरीवर जाते. (आमच्याकडं बायकाही ‘मी जातो’ म्हणतात. पत्रात ‘जाते’ लिहायचं म्हणून लिहिलंय.) एक मॅडम, संशोधन करणारी तीन मुलं, एक जीप, आणि गावातली आम्ही दोघं, मी आणि धनगरवाड्यावरचे एक मामा. हजेरीपत्रकावर आमच्या दोघांच्या नावापुढं ‘अकुशल’ लिहिलेलं असतं. त्याचं दुखणं वेगळं आहे, ते आज काढत नाही.

गवतात मोजण्यासारखं काय असतं, हे मलाही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. पाइपची एक चौकट असते, मीटर बाय मीटरची. तिला दर दहा सेंटिमीटरवर आडवा-उभा दोरा बांधलेला. म्हणजे शंभर घरं झाली. एक घर म्हणजे एक टक्का. चौकट खुंट्यांवर बसवायची, उकिडवं बसायचं आणि कोणतं गवत किती घरं धरून आहे ते एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. लिहायचं पेन्सिलीनं, कारण पावसात पेनाची शाई उतरते. धुकं आलं की शेजारच्या चौकोनातलं माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. मुलं लॅटिन नावं सांगतात, मी आमची सांगते. मारवेल, पवन्या, कुसळी, हरळी. रजिस्टरात दोन्ही लिहितात.

ओळखायच्या खुणाही शिकले. फुलोरा यायच्या आधी सगळी गवतं सारखीच दिसतात. तेव्हा दांडा दोन बोटांत धरून फिरवायचा. तीन कडा लागल्या तर ते गवतच नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातलं. दांडा गोल लागला तर पान खोडापासून अलगद सोडवायचं. जिथं पान खोडाला मिठी मारतं तिथं आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो, कुठं केसांची झालर असते. पुस्तकात त्याला जिव्हिका म्हणतात. वीस वर्षं म्हशींसाठी गवत कापलं मी, भारेच्या भारे वाहिले, पण गवताला जीभ असते हे मला चाळिशीत कळलं.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट आधी सांगते. ती लपवून दुसऱ्याला बोलणं बरं नव्हे. सड्यावर आमचे काही चौकोन कापायचे असतात, काही कधीच कापायचे नसतात. कापायच्या चौकोनातलं गवत जमिनीलगत कात्रीनं घ्यायचं, खाकी पिशवीत भरून नंबर टाकायचा. कोल्हापूरला नेऊन ते ६० अंशांच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवतात आणि मग तोलतात. बाकीच्या चौकोनांत नुसतं बघायचं. त्या दिवशी मुलं खालच्या अंगाला होती, मी एकटीच वर. पुढ्यात मांडीएवढं गवत आणि पिशवीत घरचा विळा. लहानपणापासून वळण पडलेला हात तो, थांबतोय कुठं. मॅडम वर आल्या तेव्हा न कापायचा सहा नंबर बोडका झाला होता आणि मी पेंढी बांधत होते. त्या बोलल्या काही नाहीत. खाली बसल्या, बराच वेळ बसून राहिल्या. मग रजिस्टर मागितलं आणि लिहिलं, ‘६ : चुकून कापला’. खाली तारीख. मला म्हणाल्या, “वहिनी, झालं ते झालं. पण लिहून ठेवायचं, नाहीतर पुढचा माणूस म्हणेल इथं गवत आपोआप कमी झालं.” त्या दिवसापासून विळा घरी ठेवून जाते.

म्हणून त्या फोटोतल्या पोरांना मी दोष देत नाही. पहार ज्यांच्या हातात होती त्यांनाही नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कार्यक्रम रविवारी झाला, आम्ही मंगळवारी वर गेलो. आमच्या पट्ट्यात अकरा खड्डे होते, त्यातला एक नेमका चौदा नंबरात. खुंटी उपटून बाजूला टाकलेली. खड्ड्यात गुलमोहर, बुडाला काळी पिशवी तशीच, फाडायचंही कुणाला सुचलं नव्हतं. खड्डा दीड फुटाचा घ्यायचा असणार, पण वीतभर माती गेली की खाली जांभा. तो पहारीनं फोडलेला. फोडलेल्या दगडांच्या ढिगात मला ॲल्युमिनियमची छोटी पट्टी सापडली. तिच्यावर नंबर होता. ती पट्टी आम्ही एका कंदीलपुष्पाशेजारी रोवली होती. ढीग चाळून बघितला, कंद सापडला तो कापला गेलेला.

कंदीलपुष्प बऱ्याच वाचकांनी पाहिलं नसेल, पाहिलं तरी गवताची काडी समजून पुढं गेले असतील. आमच्याकडची जुनी माणसं त्याला खरपुडी म्हणतात. गुरं राखताना पोरं कंद उकरून खायची, असं मामा सांगतात. फुलाचा आकार कंदिलासारखा, खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. वासानं एखादं चिलट आत जातं. नळीत बारीक केस असतात, त्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळं चिलटाला आत जाता येतं, परत फिरता येत नाही. आत परागांच्या बारीक पुड्या त्याच्या तोंडाला चिकटतात. मग फूल कोमेजतं, केस सुकतात आणि चिलट सुटतं, दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकायला. मागच्या ऑगस्टमध्ये याच रोपाच्या फुलाला उन्हाच्या बाजूनं निरखलं तर आत काळा ठिपका हलताना दिसला होता. त्या दिवशी भाकरी खायची राहून गेली. या कुळातल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठंच नाहीत. त्या टिकवायचं काम आपल्या शिवाजी विद्यापीठात कित्येक वर्षं चाललंय, हे कोल्हापूरकरांना तरी ठाऊक असायला हवं.

आता ‘ओसाड’बद्दल. मे महिन्यात वर गेलात तर सडा खरंच ओसाड दिसतो. काळा कातळ, जळकं गवत. जळकं, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचेच लोक काडी लावतात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून. ते आमचं चुकतं आणि गावात बोलले की मी वाईट होते. पण जूनचे दोन पाऊस पडू देत. आधी कातळावर शेवाळ चढतं. ऑगस्टमध्ये पाणी साचलेल्या उथळ जागी गेंदाची पांढरी बटणं उठतात, त्यांच्यात सीतेची आसवं, निळी-जांभळी. ही वनस्पती किडे खाते, मातीतल्या बारीक पिशव्यांत पकडून. दवबिंदू नावाची दुसरी एक वनस्पती चिकट केसांवर पकडते. या मातीत नत्र जवळजवळ नाही, मग पोट भरायचं कसं, तर असं. सप्टेंबरात सोनकी, तेरडा, कावळा. दिवाळीच्या सुमाराला सगळा सडा सोन्यासारखा आणि पायमोज्यांत कुसळं. ओल्या तळहातावर कुसळ ठेवून बघा, आपोआप गरगर फिरतं. पाऊस-ऊन मिळत गेलं की पीळ सुटतो, बसतो आणि बी स्वतःला मातीत कोरून घेतं. चौदा नंबरात गेल्या सप्टेंबरात आम्ही एका चौकटीत सव्वीस जाती लिहिल्या होत्या. सातबाऱ्यावर याच जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात.

झाडाला माझा विरोध नाही. परड्यात मी स्वतः फणस लावलाय, शाळेच्या कुंपणाला करंज लावायला मीच गेले होते. पण सडा म्हणजे झाडं तोडून उजाड झालेला डोंगर नव्हे. वर वीतभर, कुठं चार बोटं माती, खाली सच्छिद्र जांभा. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खालच्या अंगाला झऱ्यानं बाहेर येतं. आमच्या गावाखालचे दोन झरे त्याच पाण्याचे. ओढा कासारीला मिळतो, कासारी प्रयाग चिखलीला इतर नद्यांना मिळून पंचगंगा होते. तिथं जांभा फोडून गुलमोहर लावला तर तो मार्चपर्यंत काडी होतो आणि खड्डा मात्र राहतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर ती कदाचित जगेल, आणि मग तिच्या सावलीत सव्वीसपैकी किती उरतील? ही सगळी उन्हाची लेकरं आहेत.

मामांचं म्हणणं तर याहून वेगळं. आमच्या काही चौकोनांना तारेचं कुंपण आहे, गुरं आत जाऊ नयेत म्हणून, आणि शेजारी तेवढेच उघडे. कुंपणातलं गवत उंच वाढलंय, बारकी फुलं मात्र उघड्या बाजूला जास्त दिसतात. मामा पहिल्याच वर्षी म्हणाले होते, “म्हस फिरली न्हाई तर गवात गवताला खातंय.” मॅडम म्हणतात चार वर्षांवरून छातीठोक सांगता येणार नाही, अजून मोजायला हवं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला एक गवताचं शेत १८५६ पासून असंच कापतात आणि नोंदतात, म्हणजे आपल्याकडच्या उठावाच्या आदल्या वर्षापासून. खत न घातलेल्या तुकड्यांत तिथं सर्वांत जास्त जाती टिकल्या. एवढ्या वर्षांत तिथं कुणी गुलमोहर लावायला गेलं नाही, एवढं खरं. आमच्या चौदा नंबराची चार वर्षं एका रविवारी गेली.

बरं, परवानगीशिवाय कुणी काही केलेलं नाही. गायरान गावचं. अभ्यासाला परवानगी गावानं दिली, रोपं लावायलाही गावानंच दिली. दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत, मी डोळ्यांनी बघितले. एक कागद काढताना दुसरा कुणी वाचला नाही, इतकंच.

म्हणून मागणी छोटीच आहे. शेजारच्या मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कास आणि राधानगरी २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. आमच्या सड्याला दर्जा नको, यादी नको. रोपं घेऊन येणाऱ्यांनी आधी एक लोखंडी सळई घेऊन यावं आणि दहा ठिकाणी ती मातीत दाबावी. वीतभर जायच्या आत दगड लागला तर पहार खाली ठेवावी आणि रोपं गावठाणात, ओढ्याकाठी, बांधावर लावावीत. जांभूळ, करंज, फणस, आंबा. आमची माणसं खड्डे काढायला येतील, मीही येईन. आणि आपल्या बातमीदारांनी सप्टेंबरात एकदा वर यावं. चपला काढून, चौकटीशेजारी अर्धा तास उकिडवं बसायची तयारी हवी.

चौदा नंबरातला गुलमोहर आम्ही काढून शाळेच्या मैदानात लावला, तिथं तो धरलाय. खड्डा त्याच्याच मातीनं भरला, खुंटी परत रोवली, नवी रिबीन बांधली. मॅडमनी रजिस्टरात ‘१४ : खड्डा’ असं लिहून तारीख घातली. आता त्या जागेत पहिलं काय उगवतं ते बघायचं होतं. परवाच्या गुरुवारी बघितलं. रोपाच्या पिशवीतली थोडी तांबूस माती तिथं सांडून राहिली होती, तिच्यात बोटभर उंचीचं गाजर गवत आलंय. आमच्या पट्ट्यात चार वर्षांत ते एकदाही नव्हतं. मी नाव सांगितलं, मुलानं लिहून घेतलं. दोन घरं, दोन टक्के.

आपली,
एक वाचक
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये. हंगाम अजून संपायचा आहे.)