चिनी रेशमी चौकोनांवर कात्री नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या चिनी भरतकामाचा चौकोन कापून पैठणीच्या ब्लाउजच्या पाठीवर कसा लावायचा, हे आपल्या पुरवणीत सचित्र आले होते. कापण्याआधी हातात काय आहे ते बघायला हवे. साधारण ३० सेंटिमीटरचा तो तुकडा म्हणजे छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या दरबारातल्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याची खूण; झग्याच्या छातीवर एक आणि पाठीवर एक. त्याआधीच्या मिंग राजघराण्याच्या काळात १३९१ साली ही पद्धत ठरली, छिंगांनी १६५२ मध्ये ती उचलली. मुलकी अधिकाऱ्यांना श्रेणीनुसार पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना प्राणी.

येवल्याचा मोर डोळ्यांत बसलेला असल्याने आपल्याकडे त्यातला कुठलाही पक्षी ‘मोर’ म्हणूनच खपतो. शेपूट नीट पाहावी. पिसांवर डोळे असतील तरच मोर, म्हणजे तिसरी श्रेणी. कातरलेल्या कडांची पाच लांब पिसे असतील तर रुपेरी फेजंट (लांब शेपटीचा, कोंबडीच्या कुळातला पक्षी), पाचवी श्रेणी. अशी दोनच असतील तर सोनेरी फेजंट, दुसरी. पिसांवर स्वल्पविरामासारख्या काळ्या खुणा दिसल्या तर रानहंस, चौथी. कोपऱ्यातली लाल टिकली कुंकवाची नाही! तो सूर्य, म्हणजे सम्राट. पक्षी त्याच्याकडेच बघतो. अधिकाऱ्याच्या बायकोच्या चौकोनात पक्ष्याचे तोंड उलट दिशेला, शेजारी बसल्यावर दोघांचे पक्षी समोरासमोर यावेत म्हणून. आजूबाजूची पाच वटवाघळे शुभच: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि सुखाचे मरण.

छातीवरचा चौकोन मधोमध उभा दुभंगलेला असतो, कारण झगा समोरून उघडतो. फाटला समजून शिंपी तो जोडून टाकतात आणि छातीचा की पाठीचा हे कळण्याची खूणच जाते. भडक जांभळा धागा दिसला, तर विक्रेता काहीही म्हणो, तुकडा बहुधा १८५६ नंतरचा, कृत्रिम रंगांच्या काळातला.

काही चौकोन भरलेले नसून विणलेले असतात. या केसी विणीत पैठणीसारखाच प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपापल्या जागेत फिरतो. पण पैठणीत शेजारचे रंग एकमेकांत अडकवतात, केसीत तसे करत नाहीत. उजेडासमोर धरल्यावर रंगांच्या सीमेवर बारीक फटी दिसतात. त्या रफू करू नयेत.

जरीबद्दल मात्र पैठणीचा अनुभव लावू नका. चिनी सोनेरी धागा म्हणजे रेशमी गाभ्यावर गुंडाळलेली सोन्याचा वर्ख लावलेली कागदाची पट्टी. तो कापडातून ओवत नाहीत, वर ठेवून बारीक टाक्यांनी बांधतात. पाणी किंवा वाफेची इस्त्री लागली की डिंक सुटतो, कागद उलगडतो आणि खालचे रेशीम उघडे पडते. तो पुन्हा चिकटत नाही. घाम आणि धुलाई चुकणार नाही अशा ब्लाउजवर हे टिकणार कसे?

चौकोन घडी न घालता सपाट ठेवावा, वर-खाली धुतलेला, कांजी नसलेला मांजरपाट. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नये. फ्रेम करायचीच तर काच आणि रेशीम यांत अंतर हवे, नाहीतर पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते. मागे फेव्हिकॉल किंवा सेलोटेप तर मुळीच नको. सुताच्या अस्तरावर सैल टाके घालून बसवावा.

आपले,
जुन्या वस्त्रांचे दोन अभ्यासक, नाशिक