देव कळतो कसा? मित्रास पत्र

सांगली

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न नेमका आहे: देव दिसत नाही, मग तुम्हा ख्रिस्ती लोकांना तो कळतो कसा? आमच्या श्रद्धेप्रमाणे देवाला शोधून काढणं माणसाच्या आवाक्यात नाही, म्हणून तो स्वतः होऊन ओळख देतो. पण कुठे देतो, किती देतो आणि आपली फसगत कुठे होते, हे नीट सांगायला हवं.

आधी सृष्टी. येशूचा प्रेषित पौल बायबलातल्या रोमकरांस पत्रात (१:२०, म्हणजे अध्याय १, वचन २०) लिहितो की देवाचं सनातन सामर्थ्य निर्मितीवरून कळून येतं. लुस्त्र गावी समोरचे लोक यहुदी शास्त्र मानणारे नव्हते, तेव्हा त्याने पावसाचा आणि पिकांच्या हंगामांचाच दाखला दिला (प्रेषितांची कृत्ये १४:१७). तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावायला नको. मात्र सृष्टीवरून देवाचं सामर्थ्य कळतं, त्याचं मन कळत नाही. ऊस पिकवणारी कृष्णाच २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरांत शिरली. अशा वेळी, किंवा १९६७च्या कोयनेच्या भूकंपासारख्या संकटात, ‘त्यांच्या पापाचं फळ’ म्हणणारे निघतातच. येशूने हा निष्कर्ष साफ नाकारला आहे. बुरूज कोसळून १८ माणसं दगावली, ती काय इतरांहून जास्त अपराधी होती? नाही, असं त्यानेच सांगितलं, आणि पश्चात्ताप करायला लावलं ते ऐकणाऱ्यांना (लूक १३:४-५). मला हा उतारा फार मोलाचा वाटतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो वरचेवर वाचला जायला हवा.

मग इतिहास आणि संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारे. इब्री लोकांस पत्राची सुरुवातच अशी आहे की देव पूर्वी अनेक प्रकारे संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला आणि शेवटी पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, द्वारे बोलला. म्हणजे मोशेला दिसलेलं जळतं झुडूप, एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर ऐकू आलेली मंद वाणी, हे सगळं येशूपाशी येऊन पूर्ण होतं. ‘आम्हाला पिता दाखव’ असं फिलिप्प हा शिष्य म्हणाला, तेव्हा ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं, असं येशूने उत्तर दिलं (योहान १४:९). आमच्या श्रद्धेचा सगळा भार या वाक्यावर आहे.

तुला पडताळून पाहायचं असेल तर मार्कपासून, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या कथेपासून, सुरुवात कर. १६ अध्याय आहेत, मोठ्याने वाचलं तरी दोन तासांच्या आत होतं. बायबलाच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारे बहुतेक पुढे लेवीय या पुस्तकामध्ये यज्ञांच्या नियमांपाशी अडकतात आणि पुस्तक मिटतात. मार्कमध्ये दोन जागी थांब. ८:२९ला येशू विचारतो, ‘तुम्ही मला कोण म्हणता?’ पेत्र हा शिष्य बरोबर उत्तर देतो, ‘तू ख्रिस्त आहेस’, आणि लगेच पुढे येशूच्या दुःखसहनाची गोष्ट निघताच त्यालाच दटावू लागतो. नाव कळलं होतं, देव कसा आहे हे कळलं नव्हतं. दुसरी जागा १५:३९. येशूचा प्राण जाताना पाहून एक रोमी शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा अधिकारी, म्हणतो की हा खरोखर देवाचा पुत्र होता. शिष्य पळालेले, आणि ओळखलं ते वधस्तंभाशेजारी उभ्या असलेल्या परक्या सैनिकाने. देवाचं मन सर्वांत उघड झालं ते तिथे, असं आम्ही मानतो.

ही ओळख बहुधा हळूहळू पटते. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य मरणातून उठलेल्या येशूबरोबर चालले. अंतर सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे साधारण सांगलीहून मिरजेला जाण्याएवढं. त्याने वाटेत शास्त्र उलगडलं तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्याने भाकर मोडली तेव्हा ओळखलं (लूक २४). साताऱ्यात १९१७ साली ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू करणारे कवी नारायण वामन टिळक यांनाही रेल्वेच्या डब्यात सहप्रवाशाकडून नवा करार, म्हणजे बायबलाचा दुसरा भाग, मिळाला होता. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, पण बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो पुढे १८९५ साली.

फसगत कुठे होते तेही सांगतो. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि त्या ओळीला कौल मानायचं, ही सवय वाईट. यिर्मया २९:११ हे वचन कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसतं: देवाचे संकल्प हिताचे आहेत. त्याच्या आधीचं वचन क्वचितच कोणी वाचतं. यहुदी लोकांना बाबेलात बंदिवासात ७० वर्षं काढावी लागतील, असं तिथे लिहिलंय. ऐकणाऱ्यांतले बरेच जण तिथेच मरणार होते. त्यांना सांगितलं होतं की घरं बांधा, बागा लावा आणि त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा. वचन वाचायचं ते मागच्यापुढच्या मजकुरासकट.

‘देव माझ्याशी बोलला’ असं कोणी म्हटलं, तर लगेच मान डोलवू नये, हसण्यावारीही नेऊ नये. पारखावं. ते शास्त्राशी जुळतं का? देहात आलेल्या ख्रिस्ताला ते कबूल करतं का (१ योहान ४:२)? मंडळीतल्या इतरांनी ते तोललं का? करिंथच्या मंडळीला पौलाने सांगितलंय की दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी निर्णय करावा (१ करिंथ १४:२९). जो माणूस ‘मला विचारूच नका’ म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. तो पैसे मागत असेल तर आणखीच लांब.

कॅथलिक बांधव शास्त्राबरोबर मंडळीच्या परंपरेलाही अधिकार देतात, आणि त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं असतात, आमच्या प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६. ख्रिस्ताच्या बाबतीत मात्र दोघांचं म्हणणं एकच.

एखाद्या रविवारी उपासनेला ये. वाचन आणि उपदेश निवांत ऐक. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असेल तर बाप्तिस्मा न झालेले लोक बहुधा जागेवरच बसून राहतात, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. पाळकसाहेबांना शंका विचारल्यास त्यांना आनंदच होईल. त्याआधी मार्क वाचून काढ, आणि ८:२९च्या प्रश्नावर तुला काय वाटलं ते लिही. पटलं नसेल तर तसं लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश